ब्रिसलनोज प्लेको टँक साफ करायला आणू नका, नीट पाळा, मग पिल्लंही होतील

बहुतेक लोक हा मासा आणतात ते काचेवर शेवाळ धरलंय म्हणून. कोणीतरी सांगतं एक सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, टाक, टँक आपोआप साफ राहील, मग सकर येतो, आठवड्याभरात शेवाळ संपतं आणि त्याच्यापुढे त्या माशाच्या पोटात काय जातंय हे कोणी बघतच नाही. वरून टाकलेले दाणे बाकीचे मासे वरच्यावर फस्त करतात, हा तळाला राहणारा आणि त्यातही अंधार पडल्यावर बाहेर येणारा, याच्यापर्यंत काही पोचतच नाही. काही महिन्यांनी तो मरतो आणि मग लोक म्हणतात सकर टिकत नाही बुवा. मला हे फार लागतं, कारण अँसिस्ट्रस म्हणजे आपण ज्याला ब्रिसलनोज म्हणतो तो खरं तर अतिशय चिवट मासा आहे, नीट खायला घातलं तर आठ-दहा वर्षं जगू शकतो, आणि बाप अंडी कशी सांभाळतो हे समोर काचेतून बघायला मिळतं असे मासे काही फार नाहीत. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय, खरेदीपासून पिल्लं वाढवेपर्यंत.

आधी मासा ओळखा

अँसिस्ट्रस ही एक प्रजाती नाही, तो वंश आहे, म्हणजे त्याच्यात सत्तरच्या आसपास प्रजाती येतात. हे नाव १८५४ मध्ये रुडॉल्फ क्नेर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दिलं. या सगळ्या प्रजाती दक्षिण अमेरिकेतल्या आणि पनामातल्या नद्या-ओढ्यांमधल्या. यांच्या अंगावर खवले नसतात, त्याच्याऐवजी हाडांच्या पट्ट्या असतात, ओळीने एकावर एक चढलेल्या, म्हणून यांना चिलखती कॅटफिश म्हणतात. पण अँसिस्ट्रसच्या थोबाडाच्या पुढच्या कडेला मात्र ते चिलखत नाही, तिथे मऊ कातडी आहे आणि त्याच कातडीतून त्या प्रसिद्ध मिशा फुटतात. पोटाकडची बाजूही उघडी असते, हे लक्षात ठेवा, पुढे पोट बघायचं सांगणार आहे तिथे कामाला येईल.

दुकानात जो साधा तपकिरी ठिपक्यांचा ब्रिसलनोज मिळतो तो वर्षानुवर्षं टँकमध्येच वाढवलेला मासा आहे, त्याची मूळ प्रजाती नक्की कुठली हे छातीठोकपणे सांगता येत नाही, त्यामुळे लेबलवर काही लॅटिन नाव लिहिलेलं असलं तरी त्याच्यावर फार विसंबू नका. अल्बिनो, सुपर रेड, लाँगफिन हे सगळे याच टँकमधल्या माशांमधून निवडून निवडून तयार केलेले प्रकार. जंगलातून पकडलेले प्रकार वेगळे, त्यांना एल नंबर, म्हणजे ओळखायला दिलेले क्रमांक, असतात, ही नंबर द्यायची पद्धत १९८८ साली दात्स नावाच्या जर्मन मासिकाने सुरू केली. उदाहरणार्थ एल १८३, काळा आणि परांना पांढरी किनार, हा रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्यातला, त्याला मऊ आणि आम्लधर्मी पाणी लागतं. एल ३४ हा शिंगू नदीतला चपटा काळा मासा, त्याला भरपूर ऑक्सिजन आणि वाहतं पाणी हवं. पहिल्यांदा पाळत असाल तर यांच्या नादी लागू नका, साधा तपकिरी घ्या, तो जवळजवळ कुठल्याही बऱ्या पाण्यात रुळतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लहान असताना कॉमन प्लेको, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस, आणि ब्रिसलनोज अननुभवी माणसाला सारखेच दिसतात आणि दुकानात दोन्ही एकाच टबमध्ये सकर म्हणून ठेवलेले असतात. फरक असा की ब्रिसलनोज १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबतो आणि तो दुसरा ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. ओळखायचं कसं, तर पाठीवरचा पर उभा करेपर्यंत थांबा आणि त्याचे किरण, म्हणजे परातल्या काड्या, मोजा. पहिला जाड काटा सोडून पुढे ७ च्या आसपास फाटे असतील तर ब्रिसलनोज असण्याची शक्यता मोठी, १० किंवा जास्त असतील तर तो टेरिगोप्लिक्थिस, तो घेऊ नका. एल १८३ मध्ये ८-९ असतात म्हणून तेवढा अपवाद. शिवाय मोठ्या प्लेकोचा पाठीवरचा पर शिडासारखा उंच आणि लांब असतो, एकदा नजर बसली की मोजायचीही गरज पडत नाही.

घेताना मासा काचेला चिकटलेला असेल तेव्हा खालून त्याचं पोट बघा. पोट भरलेलं किंवा निदान सपाट असलं पाहिजे. पोटाच्या जागी खळगा दिसत असेल, डोळे आत गेलेले असतील तर तो मासा बऱ्याच दिवसांचा उपाशी आहे आणि त्याला सावरणं अवघड असतं, कितीही दया आली तरी पहिल्यांदा पाळताना तो घेऊ नका. आणि दुकानदाराला सांगा जाळीने नको, डब्याने पकडा. कारण यांच्या गालांवर बारीक आकड्यांसारखे काटे असतात, घाबरला की तो ते बाहेर काढतो आणि ते जाळीत असे अडकतात की सोडवताना मासाही फाटतो आणि जाळीही. घरीही हाच नियम, कायम डबा नाहीतर बाटली.

टँक

एका जोडीला १०० लिटरचा टँक चांगला, ७५ लिटरमध्येही जमतं पण मग पाणी जास्त वेळा बदलावं लागेल. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हा मासा तळावर आणि पृष्ठभागांवर जगतो, मधल्या पाण्याचा त्याला काही उपयोग नाही. टँक सायकल झालेला पाहिजे, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये बसून अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, याला नव्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे लागतात आणि इथे घाई करून चालत नाही. नवा कोरा टँक लावला आणि साफ करायला म्हणून पहिल्याच दिवशी सकर सोडला हे तर दुहेरी नुकसान, एक तर अमोनिया आणि दुसरं म्हणजे नव्या टँकमध्ये शेवाळ, जीवाणूंचा थर असं त्याच्या खाण्याचं काहीच तयार झालेलं नसतं.

तापमान २३ ते २७ अंश, पीएच साडेसहा ते साडेसात, थोडं इकडेतिकडे चालतं. पीएचच्या आकड्यामागे लागून रोज काहीतरी औषध ओतण्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त गरजेचं. फिल्टर मात्र दमदार लावा, कारण हा मासा प्रचंड शी करतो, खरंच सांगतो, दिवसभर काही ना काही खरवडत असतो आणि त्याच्या मागे लांब दोरे लोंबत असतात. जो मासा टँक साफ करतो म्हणून आणला जातो त्याच्यामुळे फिल्टरवरचा भार वाढतो, हे आधीच समजून घ्या. दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला, क्लोरीन काढून, आणि तळातली घाण सायफनने ओढून घ्या.

ऑक्सिजनकडे लक्ष ठेवा. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की हे मासे सुर्रकन वर येऊन हवा गिळतात आणि परत खाली जातात, यांच्या पोटाची रचना अशी आहे की गिळलेल्या हवेतला ऑक्सिजन ते पोटातून शोषू शकतात. त्यामुळे एखाद्या वेळी वर आला तर घाबरायचं काही नाही, पण सारखा येत असेल तर पाण्यात काहीतरी बिघडलंय, गरमी वाढलीय किंवा फिल्टर तुंबलाय, लगेच बघा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो म्हणून कडक गरमीत एअर स्टोन, म्हणजे बारीक बुडबुडे सोडणारा दगड, जास्तीचा लावायचा.

ड्रिफ्टवूडचा, म्हणजे टँकमध्ये ठेवायच्या लाकडाचा, एखादा तुकडा हवाच. लोक म्हणतात यांना लाकूड पचतं आणि ते नसेल तर मरतात, तसं काही नाही, अगदी लाकूड कुरतडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या पॅनाक या त्यांच्या भाऊबंदांनाही लाकडातला सेल्युलोज नीट पचत नाही असं अभ्यासात दिसलंय. पण लाकडावर जो बुळबुळीत थर चढतो ना, शेवाळ, जीवाणू, बुरशी असं सगळं मिळून, तो त्यांना खायला मिळतो, शिवाय खाली लपायला अंधारी जागा होते. म्हणून ठेवायचं. लाईट फार भगभगीत नको. यांच्या डोळ्यातल्या बुबुळावर वरून एक पडद्यासारखा भाग असतो, उजेड वाढला की तो पसरतो आणि बाहुली घोड्याच्या नालेसारखी दिसते, यावरूनच कळतं की हा उजेडाचा मासा नाही.

झाडं ठेवू शकता, अनुबियस आणि जावा फर्न उत्तम. अमेझॉन स्वोर्डची रुंद मऊ पानं मात्र उपाशी ब्रिसलनोज खरवडून जाळीदार करतो. आधी पोट भरा, पानं बऱ्यापैकी वाचतात.

खाणं, इथे थोडं जास्त बोलतो

१९८० च्या दशकात मेरी पॉवर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी पनामामधल्या रिओ फ्रिहोलेस या ओढ्यात चिलखती कॅटफिशवर फार सुंदर काम केलंय, त्यात अँसिस्ट्रसही होता. त्यांना असं दिसलं की ज्या डोहांवर ऊन जास्त पडतं तिथे शेवाळ जास्त वाढतं आणि मासेही त्याच प्रमाणात जास्त जमतात, त्यामुळे उन्हातल्या आणि सावलीतल्या माशांच्या वाट्याला साधारण सारखंच खाणं येतं. आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात, साधारण २० सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीत, शेवाळ भरपूर वाढलेलं असूनही मासे तिकडे जात नव्हते, उन्हाळ्यात खाण्याची टंचाई असतानासुद्धा नाही, कारण तिथे मासे खाणारे पक्षी टिपतात.

हे सांगायचं कारण असं की निसर्गात हा मासा एका जागचं संपलं की दुसरीकडे जातो, दिवसाचे कितीतरी तास थोडं थोडं खरवडत राहतो, त्याचं आतडं लांबच लांब वेटोळं घालून बसवलेलं असतं कारण त्याचं खाणं कमी ताकदीचं आणि जास्त प्रमाणात खायचं असतं. चार काचांच्या टँकमध्ये दुसरीकडे जायला जागाच नाही. म्हणजे खाणं आपणच आणून दिलं पाहिजे, रोज, आणि त्यात पालेभाजी-फळभाजीचा भाग मोठा पाहिजे.

मी असं करतो. रोज रात्री लाईट बंद केल्यावर एक चांगला अल्गी वेफर, म्हणजे तळाला बुडणारी शेवाळाची चकती, ज्याच्या पाकिटावर घटकांमध्ये स्पिरुलिना किंवा शेवाळ पहिल्या काही नावांत असेल असा, नुसतं फिश मील आणि गहू असेल तर नाव अल्गी वेफर असलं तरी उपयोग नाही. लाईट बंद केल्यावर यासाठी की बाकीचे मासे झोपतात आणि याला निवांत मिळतं. एक दिवसाआड भाजी, झुकिनी, काकडी, लाल भोपळा, पालक, सोललेले मटार. झुकिनी आणि भोपळा दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून गार करून टाका म्हणजे मऊ होते आणि बुडते, नाहीतर काट्याला टोचून किंवा स्टीलचा चमचा अडकवून बुडवा. काकडीत बहुतेक पाणीच असतं त्यामुळे फक्त काकडीवर ठेवू नका. भाजी २४ तासांच्या आत बाहेर काढायची म्हणजे काढायची, ती सडली की पाणी नासतं. भाजी धुऊन घ्या, आणि कीटकनाशक फवारलेलं असेल अशी शंका असेल तर साल काढा, कारण हा मासा सालीपासूनच सुरुवात करतो.

आठवड्यातून एखाद-दोन वेळा थोडं प्रोटीन, फ्रोझन ब्लडवर्म किंवा डॅफ्निया. याच्यापेक्षा जास्त नको, सतत मांसाहारी खाणं दिलं की पोट फुगतं आणि त्यातून मासा सहसा उठत नाही.

खाणं पुरतंय का हे बघायचा एकच भरवशाचा उपाय म्हणजे पोट. काचेला चिकटला की बघायचं, दर दोन-तीन दिवसांनी. हळूच गोलाई असेल तर बरोबर चाललंय.

नर, मादी आणि गुहा

साधारण ६-७ सेंटिमीटरच्या पुढे फरक कळायला लागतो. नराच्या थोबाडावर, नुसत्या ओठाच्या कडेला नाही तर वर कपाळाकडेही, जाड फांद्या फुटलेल्या मिशा येतात. मादीला एकतर नसतात किंवा फक्त कडेला बारीक केसांसारखी एक रांग. वरून पाहिलं तर मादी मधे रुंद आणि नराचं डोकं रुंद. या मिशा कशासाठी याच्यावर शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक कल्पना मांडली, की त्या लांबून नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांसारख्या दिसतात, आणि पिल्लं सांभाळणारा नर दिसला की मादीला तो भरवशाचा बाप वाटतो, म्हणून पिल्लं नसतानाही मिशा तेच काम करत असाव्यात. मला ही कल्पना फार आवडते, गुहेच्या तोंडाशी नुसतं थोबाड बाहेर काढून बसलेला नर बघितला की ती पटतेही.

एका टँकमध्ये एकच मोठा नर ठेवा. दोन नर आणि एक गुहा म्हणजे मारामारी ठरलेली, गालावरचे काटे त्याच्यासाठीच आहेत, हरलेल्याच्या अंगावर ओरखडे उठतात आणि कधीकधी पर फाटतात. टँक मोठा असेल आणि एकमेकांना न दिसणाऱ्या गुहा असतील तर जमतं, पण सुरुवातीला एक नर दोन माद्या हे सगळ्यात सोपं. आणि दोघं एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका, बहुतेक वेळा ती सख्खी भावंडं निघतात.

गुहेत मात्र कंजुषी नको, पिल्लं होणं न होणं बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं. गुहेची लांबी नराच्या लांबीपेक्षा थोडी जास्त, आणि रुंदी एवढी की बाजूचे पर थोडे पसरले की भिंतीला टेकतील. फार मोठी गुहा नराला आवडत नाही, कारण आत आलेल्या मादीला त्याला स्वतःच्या अंगाने अडवून धरायचं असतं, शिवाय अंड्यांवर पाणी हलवायचं तर जागा अरुंदच बरी. एक टोक बंद पाहिजे. न रंगवलेल्या भाजलेल्या मातीची नळी, स्लेटच्या दगडाचे तुकडे चिकटवून केलेली पेटी, पोकळ लाकूड, काहीही चालतं. रंग, ग्लेझ, धातू नको. तोंड प्रवाहाच्या आडवं ठेवा म्हणजे हलकं पाणी खेळत राहतं, आणि थोडी तिरकी, बंद टोक जरासं खाली. माशांपेक्षा एक-दोन गुहा जास्त ठेवा, निवडायला मिळालं की नर लवकर बसतो. एकदा त्याने एक गुहा धरली, आतून घासूनपुसून साफ करायला लागला, की ती अजिबात हलवू नका.

अंडी

मासे साधारण ८ ते १२ महिन्यांचे झाले की तयार होतात. दोन-तीन आठवडे चांगलं खायला घाला, या काळात प्रोटीन किंचित वाढवा, मादीचं पोट भरलेलं आणि बाजूने गोल दिसायला लागेल. मग पाणी बदलताना नवीन पाणी दोन-तीन अंश थंड घाला, हळूहळू, आणि नेहमीपेक्षा जास्त, निम्मं बदललं तरी चालेल. पावसाचं गार पाणी नदीत आल्याची ती खूण असते त्यांच्यासाठी. बरेचदा बाहेर मोठा पाऊस यायच्या आधी हवेचा दाब उतरतो तेव्हा हे केलं तर अजून चांगलं. एका वेळेस नाही झालं तर आठवड्याने परत करा, उगाच रोज नको.

मादी गुहेत शिरली की नर तिला आत अडवतो आणि कधीकधी ती रात्रभर आतच राहते, काळजी करू नका. अंडी नारिंगी पिवळी, साबुदाण्याएवढी, एकमेकांना चिकटून घोस. लहान मादीची वीस-तीस, मोठीची शंभराच्या वर जातात. अंडी दिल्यावर मादीचं काम संपलं, ती बाहेर येते आणि पुढचं सगळं बाप बघतो. गुहेच्या तोंडाशी आडवा पडून पर आणि शेपूट हलवत अंड्यांवर सतत पाणी फिरवत ठेवतो, तोंडाने अंडी साफ करतो, खराब झालेलं वेगळं काढतो, कोणी जवळ आलं तर गाल फुलवतो. या दिवसांत तो खाण्यासाठी फारसा बाहेर पडत नाही. पाहिजे तर गुहेच्या जवळ एखादा भाजीचा तुकडा ठेवा, पण आत काही सारू नका.

आणि आता माझं अगदी कळकळीचं सांगणं, टॉर्च मारून दर तासाला बघू नका. नवीन नराला त्रास दिला की तो अंडी बाहेर ढकलतो. पहिल्या एक-दोन खेपांना तरुण नर तसंही बाहेर ढकलतात, ते शिकतात हळूहळू, लगेच नर बदलायची घाई नको. ढकललेली अंडी टाकून द्यायची नाहीत, ती जाळीच्या पेटीत ठेवून बाजूला एअर स्टोन असा लावा की बुडबुडे अंड्यांना लागणार नाहीत पण पाणी हलत राहून घोस हळूच डुलेल. पांढरी पडलेली अंडी रोज चिमट्याने काढा, बुरशी एकाची दुसऱ्याला लागते.

पाणी उबदार असेल तर चार-पाच दिवसांत, गार असेल तर आठ-दहा दिवसांत पिल्लं फुटतात. फुटली तरी ती पोहत नाहीत, पोटाला मोठी नारिंगी पिशवी असते, तिच्यावरच आठवडाभर जगतात आणि गुहेच्या भिंतीला चिकटून शेपट्या वळवळत असतात. या काळात त्यांना काही खायला नको. बाप अजून राखतच असतो.

पिल्लं

पिशवी संपली की पिल्लं बाहेर यायला लागतात, सेंटिमीटरभरही नसतात, काचेवर, लाकडावर सगळीकडे दिसतात. इथून पुढे पहिले तीन आठवडे कसोटीचे. ब्रिसलनोजची पिल्लं मरतात ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी, उपासमार किंवा घाण पाणी, आणि गंमत अशी की एकाचा उपाय करायला गेलं की दुसरं होतं, भरपूर खायला टाकलं की पाणी नासतं. म्हणून थोडं थोडं, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि पाणी दररोज दहा-पंधरा टक्के किंवा एक दिवसाआड पंचवीस टक्के, त्याच तापमानाचं.

टँकमध्ये एंजल, सिक्लिड असे मासे असतील तर पिल्लं वेगळ्या टँकमध्ये किंवा आत लटकवायच्या जाळीच्या पेटीत काढा, तिथे लक्षही राहतं आणि खाणंही त्यांच्यापुढेच पडतं. वेगळा टँक असेल तर फिल्टर स्पंजचा, दुसरा कुठलाही पिल्लांना ओढून घेतो, आणि स्पंज जुन्या टँकमध्ये महिनाभर चालवून जीवाणू बसलेला असावा. मोठ्या टँकच्या फिल्टरच्या तोंडालाही स्पंज बसवा.

खायला वाफवलेली झुकिनी किंवा भोपळा कायम समोर, सकाळी घातलेला तुकडा रात्री काढायचा आणि नवा घालायचा. वेफरचा चुरा, स्पिरुलिना पावडर. आणि एक जुना उपाय जो मला सगळ्यात आवडतो, महिनाभर आधीच एका पाण्याच्या डब्यात गुळगुळीत दगड आणि लाकडाचे तुकडे उन्हात ठेवून त्यांच्यावर हिरवा थर चढवायचा आणि पिल्लं निघाली की एकेक दगड आळीपाळीने टँकमध्ये. हे त्यांचं खरं खाणं, आणि पाणीही नासत नाही. वाळलेली बदामाची किंवा ओकची पानं टाकली तरी त्याच्यावर थर येतो.

दोन महिन्यांत साधारण अडीच सेंटिमीटर होतात, काही मोठी काही मागे राहिलेली असा फरक दिसणारच. फार गर्दी असेल तर मोठी वेगळी काढा, म्हणजे लहानांना खायला मिळतं. अल्बिनो आणि साध्याची जोडी लावली तर पहिल्या पिढीत सहसा सगळी साधीच दिसतात, कारण अल्बिनोपणा अप्रभावी गुण आहे, पण ती आत जीन घेऊन असतात, तेव्हा अल्बिनो नाही आला म्हणून निराश होऊ नका.

औषधं आणि आजार

हे मासे औषधांना नाजूक आहेत, विशेषतः तांब्याच्या औषधांना, आणि जास्त मिठालाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर आधी तापमान हळूहळू ३० पर्यंत वाढवून, एअर स्टोन वाढवून बघा, औषध द्यायचंच असेल तर पाकिटावर कॅटफिशसाठी काय लिहिलंय ते वाचा आणि लिहिलेल्यापेक्षा कमी डोसने सुरू करा. नवीन मासा आणला की तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा, त्यात पोटातल्या जंतांचा त्रास असेल तर खात असूनही पोट आत जाताना दिसतं, तेव्हा कळतं. डिस्कससारख्या शांत, चपट्या माशांबरोबर उपाशी ब्रिसलनोज ठेवू नका, रात्री त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायची सवय लागली की मोडत नाही. तोही शेवटी उपासमारीचाच प्रश्न.

खूप पिल्लं झाली तर काय

होणारच. जोडी जमली की दर महिना-दीड महिन्याला अंडी देते. थांबवायचं असेल तर नर आणि मादी वेगळे करा, किंवा गुहा काढून टाका, गुहेशिवाय नर सहसा तयार होत नाही, तरी एखादी लाकडाखालची फट तो शोधतोच, म्हणून वेगळे करणं हाच खात्रीचा उपाय. मादीला तसंही मधून मधून दोन-तीन महिने सुट्टी द्या, सारखी अंडी दिली की ती आतून झिजते, पाठ आणि शेपटीचं मूळ बारीक दिसायला लागतं.

नदीत, तळ्यात, विहिरीत सोडायची नाहीत, एकही नाही. याच कुळातला टेरिगोप्लिक्थिस लोकांनी सोडला आणि मेक्सिकोमधल्या इन्फिएर्निल्यो धरणात त्याने एवढा जम बसवला की तिथल्या तिलापिया पकडणाऱ्यांच्या जाळ्यांत हेच मासे भरायला लागले आणि त्यांची रोजीरोटी गेली. चिलखतामुळे त्याला खाणारंही फारसं कोणी नसतं. ब्रिसलनोज लहान आहे म्हणून चालेल असं मनात आणू नका.

द्यायची असतील तर पिल्लं ३-४ सेंटिमीटरची झाल्यावर द्या, त्याच्या आधी प्रवासाचा ताण सोसत नाही. देताना एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही, आणि कायम दोन पिशव्या एकात एक घालून, मधे कागदाचा थर देऊन, कारण बाजूच्या परांचा पहिला काटा कडक असतो आणि तो साध्या पिशवीला भोक पाडतो. कोपरे रबराने बांधून गोल करा, नाहीतर लहान पिल्लं कोपऱ्यात अडकून दबतात. आणि ज्याला देताय त्याला वेफरचं नाव लिहून द्या आणि पोट कसं बघायचं ते काचेवर दाखवूनच पाठवा.